अर्धी पिस्ता, अर्धी पिवळी

रंग लागला की चनबसप्पांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी गल्लीत मान, बायकोची कटकट बंद आणि लेक महादेवीला मोहोळचं स्थळ. असा हिशेब मनात घोळवणारा माणूस चुन्याच्या बादलीसमोरही नवरदेवासारखा हसतो. मी अगदी जवळून पाहिलंय, कारण रंग मलाच लागायचा होता.

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका घराची रस्त्याकडची जुनी भिंत आहे. दगडमातीची. माझ्या मधोमध एकच दार. आत चनबसप्पा आणि धाकटे सिद्धलिंगप्पा, दोघं भाऊ एका चुलीवर जेवत. बहात्तरच्या दुष्काळापासून मला चुना लागला नव्हता, म्हणून मीही खुशीत होते.

थोरल्याला पिस्ता हवा होता, धाकट्याला पिवळा.

"पिस्ता म्हणजे सरकारी दवाखाना, अण्णा. सोयरे केसपेपर मागतील."

"आणि तुझा पिवळा? भिंतीचंच लगीन लावतोस काय?"

"भांडू नका," थोरल्याची बायको शिवबाई म्हणाली. "ओला चुना फसवतो. दोन्हीचा हातभर तुकडा लावून, वाळवून बघा की."

"हातभर तुकड्यात काय कळतंय? अर्धी अर्धी रंगवू," धाकटा म्हणाला.

दाराच्या डावीकडे पिस्ता, उजवीकडे पिवळा. महादेवी माझ्यावर हात फिरवत पुटपुटली, "पांढरीच बरी होती." ते फक्त मी ऐकलं.

रंग वाळतोय तोवर रविवारी यायचे सोयरे गुरुवारीच दारात! मुलाच्या आईनं, बाळाबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकत्र घर म्हणून सांगितलंवतं. हितं तर वाटणी झाल्याली दिसतीय!"

मी हादरले. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, की जो तो आपल्या वाट्याच्या भिंतीला आपला रंग देतो. गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक असलेली ही रीत घरात एकालाही आठवू नये?

"तसं न्हाय हो, रंग बघत होतो," शिवबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"व्हय? साड्या बघतात तसं घर बघताय?" बाळाबाई पाणी न घेताच वळल्या.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता.

"अर्धी रंगवायचं कुणी काढलं?" थोरला ओरडला.

"पिस्त्याचा हट्ट कुणाचा होता?"

तिथून बोलणं शेतावर गेलं, चुलीवर गेलं, मेलेल्या आईच्या पाटल्यांवर गेलं. इतकी वर्षं मी या घराला टेकून उभी, पण आत एवढं साचलेलं मला कधी ऐकू आलं नव्हतं! यात्रेचे नंदीध्वज रस्त्यावरून गेले, तेव्हा माझ्यात दुसरं दार पाडलेलं होतं.

मित्रांनो, रंग पारखायचा तर घराच्या आत पारखा. आणि भिंत पाहून माणसांचा निवाडा करू नका.

आता हिशेब ऐका. थोरल्याला पिस्ता मिळाला, धाकट्याला पिवळा. बाळाबाईंना दुसरी सून मिळाली. महादेवीचं स्थळ गेलं, आणि काकाच्या ताटात भाकरी वाढायला तिला आता रस्त्यावरून जावं लागतं. तिला कुठला रंग आवडतो, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.