पद्मजाबाईंचा हिरवा शालू

नावं ठेवण्याची हौस उत्तराला लहानपणापासूनची. लग्नाच्या पंगतीत बसली की पहिला घास घ्यायच्या आत मांडवातली सगळी लुगडी तिच्या नजरेखालून जायची. कुणाचा पदर आखूड, कुणाच्या गळ्यात जावेचे दागिने, कुणी पैठणीवर भलत्याच रंगाचं पोलकं शिवलंय, हे ती इतक्या गंभीर चेहऱ्याने शेजारणीच्या कानात सांगायची की शेजारणीला मठ्ठ्याचा ठसका लागायचा. अशी बाई घाटकोपरला तीन खोल्यांच्या संसारात, निवृत्त हेडक्लार्क सासऱ्यांच्या धाकात येऊन पडली. जिभेचं करायचं काय? तिने ती लेखणीला दिली.

यात नवऱ्याचा, नंदकिशोरचा, हात होता. त्याचा शाळासोबती काशीराम ‘रजतरंग’ नावाचं सिनेमाचं साप्ताहिक चालवायचा, आणि नटनट्यांच्या कपड्यांवर चुरचुरीत लिहिणारी बाई त्याला हवी होती. उत्तराने पहिला लेख दिला आणि काशीराम खूश झाला. सदराचं नाव ठरलं ‘पदराआडून’ आणि लिहिणारीचं ‘चंद्रकळा’. ही चंद्रकळा कोण ते कुणाला कळता कामा नये ही काशीरामची अट, आणि मार्तंडरावांना तर मुळीच कळता कामा नये ही उत्तराची. मार्तंडराव म्हणजे तिचे सासरे. नट्यांचा फोटो असलेला कागद वाण्याच्या पुडीला आला तरी ते साखर डब्यात ओतून कागद बंबात घालत. तेव्हा नंदकिशोर सोडला तर घरात कुणालाच पत्ता नव्हता. नणंदेलाही नव्हता, आणि तेवढ्याचं मात्र उत्तराला वाईट वाटायचं. नीलापासून ती दुसरं काही लपवत नसे.

नीला तेवीस वर्षांची होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विषमज्वराने गेला आणि ती पांढऱ्या पातळात माहेरी परत आली. ते पांढरं तिच्या अंगावरून उतरवायला उत्तराला तीन वर्षं लागली. आधी फिकट जांभळा काठ आणला, मग बारीक ठिपके, मग एकदा धीर करून राखाडी. दर वेळी मार्तंडराव रुसायचे, जेवताना मीठसुद्धा मागायचे नाहीत, आणि मग हळूहळू बोलू लागायचे. पुढे नीला बालवर्गात शिकवायला जाऊ लागली. तिथल्या कामातून मुलुंडच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांशी, श्यामसुंदरांशी, तिची ओळख झाली. भला माणूस, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्यांनी आडून आडून काही केलं नाही, सरळ घरी येऊन मार्तंडरावांना विचारलं.

म्हातारे ‘हो’ म्हणाले नाहीत, पण ‘नाही’ही म्हणाले नाहीत. ‘चैत्र संपू द्या. मग मोठ्या भावाला घेऊन या,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं आलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं सगळ्यांनी धरलं. नीला त्या दिवसांत भांडी घासताना गुणगुणायची आणि कुणी पाहिलं की गप्प व्हायची.

होळीनंतर सिनेमावाल्यांचा बक्षीस समारंभ होता. घाटकोपरची माणसं फोर्टात जायचं झालं तरी ‘मुंबईला जातो’ म्हणत. तशी उत्तरा आणि नंदकिशोर ‘ऑफिसच्या समारंभाला’ म्हणून मुंबईला गेली. थिएटरच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत लाल गालिचा अंथरला होता आणि दोन्ही बाजूंना दोर बांधले होते. उत्तरा वार्ताहरांच्या घोळक्यात दोराला टेकून उभी राहिली. एक आघाडीचा नट इतकी घट्ट शेरवानी घालून आला की त्याला वाकून नमस्कार करता येईना. तो नुसती मान हलवत गेला. एक नटी भर मार्चमध्ये खांद्यावर केसाळ कातडं टाकून घामाने निथळत आली. उत्तराने मनात लिहिलं, ‘बाईंनी मांजर घरी ठेवून यायला हवं होतं.’ बाजूचा फोटोग्राफर तिच्याकडे बघायला लागला, कारण ती एकटीच हसत होती.

मग पद्मजा आली. पद्मजा म्हणजे पडद्यावर नेहमी कुणाची तरी सोशिक आई नाहीतर थोरली बहीण. नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, चेहरा राहतो, अशातली. तिचा नवरा कॅमेरामन होता, दिवाळीच्या सुमाराला वारला होता. त्या दिवशी तिला दुय्यम भूमिकेचं बक्षीस मिळणार होतं. ती गाडीतून उतरली ती हिरवा शालू नेसून. मोकळं कपाळ, अंगावर एकही दागिना नाही, आणि गच्च जरीचा हिरवागार शालू. दोराच्या दोन्ही बाजूंचा कलकलाट एकदम थांबला. हिरवा रंग सवाशिणीचा, हे तिथल्या कॅमेरेवाल्या पोरांनाही माहीत होतं. पद्मजा कुणाकडे न बघता, घाई न करता, सबंध गालिचा चालून गेली.

उत्तराच्या मनात पहिलं आलं ते ‘किती देखणी दिसतेय ही.’ दुसरं आलं ते ‘नीला अशी कधी चालेल?’ हे दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही तिने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्तंडराव वामकुक्षी घेत होते तेव्हा ती लिहायला बसली. शेरवानी झाली, मांजर झालं. पद्मजापाशी येऊन लेखणी अडली. ‘हिरवा रंग बाईंना खुलून दिसत होता’ असं लिहिलं आणि खोडलं. असली वाक्यं कुणीही लिहितं. ‘धैर्य’ हा शब्द घालून पाहिला, तर ते शोकसभेतल्या ठरावासारखं वाटायला लागलं. आणि मग, कुठून आलं कोण जाणे, एक वाक्य आपसूक कागदावर उतरलं: ‘सरणाचा धूर विरायच्या आत बाईंनी शालूची घडी मोडली.’

वाक्य नेमकं जमलं होतं. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायला नको होता. ते खोटं होतं, धूर विरून महिने लोटले होते, आणि लिहिणारीचं मत तर अगदी उलट होतं. इथे तिने काट मारायला हवी होती. पण जमलेल्या वाक्यावर काट मारायला जे मन लागतं ते चंद्रकळेपाशी नव्हतं. संध्याकाळी नंदकिशोरने वाचलं आणि मांडीवर थाप मारली. ‘झकास,’ तो म्हणाला. ‘वाट लावलीस बाईची.’ उत्तरा हसली आणि लेख पाकिटात घालून मोकळी झाली.

वाक्य सुटलं ते सुटलंच. काशीरामने ते चौकटीत छापलं. अंक संपला, पुन्हा छापावा लागला. संतांवरच्या एका बोलपटात पद्मजा संताची आई होणार होती. वाचकांची पत्रं आली तशी ती भूमिका दुसरीला गेली. काशीरामने ही बातमी नंदकिशोरच्या हाती आनंदाने कळवली, वर ‘असंच लिहीत राहा म्हणावं’ असा निरोप. उत्तराला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण सदर तिने सोडलं नाही.

चैत्रात वरच्या मजल्यावर माणिकताईंकडे हळदीकुंकू होतं. उत्तरा गेली. नीलाला अर्थातच बोलावणं नव्हतं, ती खाली पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून देत होती, कारण काम करायला विधवा चालते. आंब्याची डाळ खाता खाता बायकांच्या तोंडी तेच वाक्य होतं. कुणाची तरी भावजय लवकर माहेरी गेली तरी ‘धूर विरला नाही तोच’, कुणी नवं पातळ नेसलं तरी ‘घडी मोडली का?’ हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तराही हसत होती, नसती हसली तर दिसलं असतं.

खाली आल्यावर नीलाने विचारलं, ‘वहिनी, त्या चंद्रकळेचं वाचलंस तू?’

‘कुठे मिळालं तुला?’

‘बालवर्गातल्या बाईंनी दाखवलं. मुद्दामच दाखवलं असेल. कोण असेल गं ती? बाई असून असं लिहवतं कसं?’

‘असेल कुणी रिकामटेकडी,’ उत्तरा म्हणाली. ‘तू कशाला मनावर घेतेस?’

‘नाही घेत. तू आहेस ना,’ नीला म्हणाली आणि कैऱ्यांचं पातेलं धुवायला घेतलं.

चैत्र संपला. श्यामसुंदर आणि त्यांचे भाऊ रविवारी यायचे होते. शनिवारी संध्याकाळी मार्तंडराव वाचनालयातून लवकर परत आले. चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले. नंदकिशोर नुकताच ऑफिसातून आला होता. नीला दिव्याखाली तांदूळ निवडत होती.

‘मुलुंडच्या मंडळींना सांगून ये,’ ते नंदकिशोरला म्हणाले. ‘येऊ नका म्हणावं. उद्या नको आणि पुढेही नको.’

‘बाबा, अहो, झालं काय?’

मार्तंडराव हळू बोलले. रागावले असते तर बरं, असं त्यांचा आवाज ऐकून वाटलं. ‘वाचनालयाच्या बाकावर सगळे बसले होते. नीलाचं कुणाकडून तरी कळलंय त्यांना. मला विचारलं, मार्तंडराव, लेकीला शालू घेतलात की नाही? की सरणाचा धूर विरायची वाट बघताय? सगळे हसले. इतक्या वर्षांचा सोबती जोशीसुद्धा. निवृत्त झाल्यापासून रोज बसतो मी त्या बाकावर. आज उठून आलो.’

नीलाचे हात ताटात थांबले.

‘लोक बोलतात आणि विसरतात, मामंजी,’ उत्तरा म्हणाली.

‘हे नाही विसरायचे. शब्दच असे आहेत, लक्षात राहणारे. नीला रस्त्याने गेली की म्हणतील. तिला मूल झालं तरी म्हणतील. कुणा बाईने लिहिलंय म्हणे, सिनेमाच्या कागदात. सिनेमातल्या बायकांना जे कळतं ते मला कळू नये?’

आता गप्प बसणं उत्तराला शक्य नव्हतं. तिला वाटलं, खरं सांगितलं की वाक्याची धारच जाईल. घरच्याच सुनेने टाळीसाठी लिहिलेली थापेबाजी म्हटल्यावर तिला कोण भीक घालणार? भोळी समजूत, पण त्या क्षणी तिच्यापाशी तेवढंच होतं.

‘मामंजी, ते मी लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘चंद्रकळा मीच. ते वाक्य खोटं आहे. लोकांनी हसावं म्हणून लिहिलं. माझं मत तसं नाही, कधीच नव्हतं.’

मार्तंडरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती ओरड्याची वाट बघत होती. म्हातारे ओरडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

‘मग तर माझ्या मनात शंका उरली नाही,’ ते म्हणाले. ‘नीलासाठी तू इतकी वर्षं बोललीस ती मायेपोटी, सूनबाई. ती बाई तुझी कुणी लागत नव्हती. तिथे मनातलं होतं ते बाहेर आलं. जिने नीलाला रंगीत नेसवलं तिलाही आतून तेच वाटतं, तर मी गावाला काय दोष देऊ?’

‘मला ती देखणी दिसली होती, मामंजी. खरंच सांगते.’

‘तसं छापलेलं नाही,’ मार्तंडराव म्हणाले आणि आत जाऊन पलंगावर पडले.

नंदकिशोर चपला घालून मुलुंडला निघाला. त्याला दुसरं काय सुचणार? बापापुढे तो कधी बोलला नव्हता आणि मांडीवर मारलेली थाप त्यालाही आठवत असणार.

उत्तरा नीलाजवळ जाऊन जमिनीवर बसली. नीला पुन्हा तांदूळ निवडू लागली होती. खडे वेचून ती बाजूला ठेवत होती, नेहमीसारखी, नीट.

‘मी लिहीन, नीला. हे चुकलं म्हणून लिहीन, नाव घालून लिहीन.’

‘काशीराम छापणार नाहीत ते,’ नीला म्हणाली. ‘त्यात हसण्यासारखं काही नसेल.’

‘मग मी बाबांशी पुन्हा बोलते. उद्या बोलते. त्यांचं मन वळतं, मला माहीत आहे. दर वेळी वळलंय.’

‘दर वेळी तू वळवलंस म्हणून वळलं.’

‘तू मला बोल. रागाव. पण अशी शांत बसू नकोस.’

नीलाने ताट थोडं दिव्याकडे सरकवलं. ‘बाबांवर कशाला रागावू? त्यांच्या मनात काय आहे ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं,’ ती म्हणाली. ‘तुझ्या मनातलं ठाऊक नव्हतं.’

‘ते माझ्या मनातलं नाही गं.’

‘नसेलही,’ नीला म्हणाली. ‘पण आता यापुढे तू मला छान दिसतेस म्हणालीस, तर मी ते कसं ओळखू?’

नीलाने तांदूळ पातेल्यात ओतले आणि धुवायला मोरीकडे नेले.