दादाची बारी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. आता माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडाल. माझा पडदा पोत्यासारखा फुगीर, पंख्याची घरघर शेजारच्या घरात ऐकू जायची आणि सुरू व्हायला मला इतका वेळ लागायचा की तोवर चहा पिऊन व्हायचा. मुरडा नाक. पण माझी गोष्ट ऐकून घ्या, कारण ती माझ्याशिवाय कुणालाच पूर्ण ठाऊक नाही.

माझ्या घराण्याचं काही सांगू नये. नांदेडच्या एका दुकानात कुठून डबा, कुठून पंखा, कुठून पट्ट्या आणून मला जोडलं. तिथून मी वसमतच्या एका क्लासमध्ये गेलो. काय माझा थाट होता म्हणता! मला बघायला पोरं चपला बाहेर काढून आत यायची. मास्तर अंगावर धूळ बसू देत नसत. पुढे नवी यंत्रं आली तसा मी कोपऱ्यात गेलो, आणि एके दिवशी हट्टा गावच्या अमृतरावांनी मला घरी आणलं.

अमृतराव वीज मंडळात लाईनमन. सगळ्या शिवाराची लाईन जोडणारा माणूस, पण स्वतःच्या घरात संध्याकाळभर अंधार. लोडशेडिंगचे दिवस होते ना ते! त्यांची बायको पद्माबाई त्यांना टोमणा मारायची, "गावाला उजेड पाडून राहिले, आन घरात चिमणी!" त्यांना दोन लेकरं. थोरला धम्मदीप कॉलेजात, धाकटी आकांक्षा शाळेत. पद्माबाईने माझ्यासाठी पांढऱ्या कापडावर निळी फुलं काढून झाकण शिवलं. मास्तरांनीसुद्धा माझे इतके लाड केले नव्हते.

धम्मदीपने कुठूनशी एक खेळाची सीडी आणली. तलवारी, किल्ले, जादू असलेला लढाईचा खेळ. दोघांनी आळीपाळीने खेळायचा. एकाची चाल झाली की मी पडद्यावर दुसऱ्याचं निशाण दाखवायचो आणि मुकाट थांबायचो. माझं वैशिष्ट्यच ते. मी कितीही थांबू शकतो. त्यांच्याकडे चालीला बारी म्हणत. निळं निशाण कुणाचं यावरून पहिल्याच दिवशी भांडण पेटलं. त्या घरात निळं कोण सोडणार? शेवटी धाकटी रडली आणि निळं घेऊन बसली. धम्मदीपच्या वाट्याला लाल आलं.

खेळ सोपा होता. मध्ये नदी, नदीवर जेमतेम तीन गडी मावतील असा अरुंद पूल. ठरलेल्या फेऱ्या संपेपर्यंत पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. शहाणा माणूस अशा वेळी काय करतो? आग ओकणारा ड्रॅगन घेतो, घोडेस्वार घेतो. धम्मदीपने तेच केलं. आकांक्षाने मात्र ज्यांना कुणी विचारत नाही ते गडी गोळा केले. पाय ओढत चालणारी झाडमाणसं पुढे. त्यांच्या मागे जखमा भरणाऱ्या बायका. आणि एक टिचभर बुटका, ज्याला मारता येत नाही, फक्त पळता येतं.

धम्मदीप खुर्चीत मागे रेलून हसला. "आकू, हे सैन्य हाय का दवाखाना?"

"मारायचंच न्हाई मला," ती म्हणाली. "टिकायचं हाय."

ही अक्कल तिला गावातल्या मेंढपाळ लिंबाजीकाकांकडून आली होती. काकांची मेंढरं रोज सकाळी दारावरून जायची. तिने एकदा विचारलं होतं, "काका, मेंढरांत ह्या दोन शेळ्या काहून?" काका म्हणाले होते, "मेंढरू लई गुणाचं, लेकरा. पन आपल्या मनानं पुढं पाऊल टाकत न्हाई. शेळी आगाऊ असती. ती निघाली का समदी निघत्यात." आकांक्षाने त्या बुटक्याचं नाव शेळी ठेवलं. त्याने पुढे जायचं, लाल सैन्याला खिजवायचं आणि पळून यायचं. ड्रॅगन त्याच्या मागे पुलावर शिरला की झाडमाणसांनी वाट अडवायची. ड्रॅगन आपोआप ओढला जाणार नाही, पण दादा चिडून त्याला पुढे काढणार, हे तिला बरोबर माहीत होतं.

पहिल्यांदा तिची झाडमाणसं सरपणासारखी जळाली. दुसऱ्यांदाही जळाली. दादा टाळ्या पिटायचा. ती ओठ दाबून पुन्हा मांडायची. कधी बायका फार मागे राहिल्या, कधी शेळी लवकर मेली. लाईन आली की दोघं माझ्यासमोर, लाईन गेली की भांडत अंगणात. पद्माबाई म्हणायची, "त्या डब्यात काय पुरलंय का तुमचं?" पण तिला बरं वाटायचं, ते मला कळायचं. दोन्ही लेकरं नजरेसमोर असायची ना!

ती माझी सुखाची वर्षं. पुढे धम्मदीपला अकोल्यात औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. आकांक्षा नर्सिंग शिकायला नांदेडला गेली. दादा तिला म्हणायचा, "आता खराच दवाखाना काढ बाई." माझ्यावर झाकण पडून राहू लागलं. दोघं सुट्टीला एकत्र आली की मात्र आधी माझं कापड उडायचं, मग हातपाय धुणं.

त्या सुट्टीत तिचा डाव जमला. शेळीने खिजवलं, दादा चिडला, ड्रॅगन पुलावर शिरला. तिन्ही बाजूंनी झाडमाणसं उभी राहिली. तो एकाला जाळी, बायका त्याला पुन्हा उभं करीत. मागची वाट तेवढी मोकळी होती. आता बारी दादाची. तो हनुवटीला हात लावून बसला. प्रथमच तो हसत नव्हता. आणि नेमकी लाईन गेली! लाईन गेल्यावर दोन मिनिटं तग धरणारी माझी बॅटरी कोकलू लागली. "सेव्ह कर, सेव्ह कर!" आकांक्षा ओरडली. त्याने घाईघाईने डाव माझ्या पोटात ठेवला, आणि मी डोळे मिटले.

त्याला निघायचं होतं. मोटारसायकलला किक मारता मारता तो म्हणाला, "बारी माझी हाय बरं का. हात लावशील तर बघ. भीमजयंतीला येतो आन तुझा दवाखाना जाळतो."

"ये तर खरं," ती म्हणाली.

मित्रांनो, तो जयंतीला यायला निघाला होता. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे ट्रकने त्याला उडवलं. घराला नवा निळा झेंडा लावून झाला होता. अमृतराव खांबावर चढून रोषणाईच्या माळा बांधत होते, तिथेच त्यांना खाली उतरा म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्या घरात जे रडणं झालं ते मी झाकणाखालून ऐकलं. मला कान नाहीत असं तुम्ही म्हणाल. नसू देत.

त्यानंतर आकांक्षा घरी आली की माझ्यासमोर बसायची. डाव उघडायची. पडद्यावर लाल निशाण यायचं, म्हणजे दादाची बारी. ती फक्त बघत राहायची. तिने एकदाही माउसला हात लावला नाही. ड्रॅगन पुलावर होता, झाडमाणसं उभी होती, दादा अजून विचार करत होता. एवढी एकच जागा जगात उरली होती जिथे दादाचं काहीतरी करायचं बाकी होतं.

पद्माबाई दारातून बघायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण लेक त्या डब्यापुढे बसली की शांत होते, एवढं तिला कळत होतं. आणि मी तर थकलो होतो. अडकायचो, बंद पडायचो. वर्षश्राद्ध त्या घरी करत नाहीत, वर्ष भरलं की बौद्ध रीतीने पुण्यानुमोदन करतात. त्याला आकांक्षा येणार होती. त्याआधी डबा नीट करून ठेवावा, असं त्या माउलीच्या मनात आलं.

बाजाराच्या दिवशी तिने मला चादरीत गुंडाळलं, काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर घेतलं आणि जवळा बाजारला नेलं. खड्डा आला की ती मला पोटाशी धरायची. तिथे शिवहार नावाचा पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"लई तकलीफ देऊन राहिला," ती म्हणाली. "साफ करून दे बाबा. लेक येऊन राहिली माझी."

"वरून साफ करू का आतून?"

"आतून-बाहेरून. समदं साफ."

पोरगा बरा होता. त्याने विचारलंसुद्धा, "मावशी, आतमंदी काही ठेवायचं हाय का?"

पद्माबाईला हसू आलं. खूप दिवसांनी आलं असेल. "आतमंदी काय ठेवलं असंल बाबा? ते काय कपाट हाय का?"

मी ओरडलो, मित्रांनो! पण माझं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर. शिवहारने तीसुद्धा तेल घालून बंद केली. मग त्याने माझ्या पोटातलं सगळं पुसलं. डाव गेला, पूल गेला, दादाची बारी गेली. मला आज हे आठवतं ते माझ्या पत्र्याला आणि झिजलेल्या बटणांना आठवतं, तेवढंच. पद्माबाईने मला घरी आणून ओल्या फडक्याने पुन्हा पुसलं आणि फुलांचं कापड धुऊन घातलं.

आकांक्षा आली. कापड काढलं. मी झटकन सुरू झालो. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ. तिने शोधलं. पुन्हा शोधलं. मग एकेक कप्पा उघडून पाहिला. मागे पद्माबाई पदराला हात पुसत उभी होती, तोंडावर कौतुक मावत नव्हतं.

"झालं का गं बराबर? म्या सोता घेऊन गेले होते. समदं साफ कर म्हणलं त्याला."

आकांक्षाने खुर्ची आईकडे वळवली. मला वाटलं, आता ही आईवर फुटणार. फुटली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"व्हय आई," ती म्हणाली. "लई चांगलं साफ झालं."

"मंग रडून काहून राहिली?"

"दादाची आठवण आली."

कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी आकांक्षाने कपाटातून जुनी सीडी काढली. आठवून आठवून, दोन्ही बाजूंच्या चाली स्वतःच खेळून तिने तसाच डाव मांडला. झाडमाणसं, बायका, पुलाच्या मधोमध ड्रॅगन. लाल निशाण आलं आणि तिचा हात थांबला. पद्माबाई शेजारी येऊन बसली.

"हा पंखवाला कुनाचा?"

"दादाचा."

पद्माबाई पुढे सरकली. पडदा निरखून बघितला. "तिन्ही अंगानं अडवलंय की गं त्याला. मागं मोकळं हाय ना? मंग तितं काय करून राहिला? घरी आन त्याला."

आकांक्षाने आईचा हात माउसवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. मी ड्रॅगनला उचललं. तो पुलावरून उडाला, नदीकाठ ओलांडून आपल्या लाल निशाणाच्या किल्ल्यात जाऊन बसला. पुलाचा मधला भाग रिकामा झाला. झाडमाणसं पाय ओढत पुढे गेली आणि ठरलेल्या फेऱ्या संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. कुणालाही न मारता तिचं सैन्य टिकलं होतं. माझ्या फाटक्या स्पीकरमधून विजयाचे नगारे वाजले.

"जिंकली का गं तू?"

"व्हय."

"आन धम्मा?"

आकांक्षाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "दादा घरी पोचला, आई."

आता मी माळ्यावर असतो. कापड अजून आहे, फुलं विटली आहेत. पद्माबाईला अजूनही ठाऊक नाही की तिने काय पुसलं, आणि तुम्हीही तिला सांगू नका, तुम्हाला माझी शपथ आहे. पण मित्रांनो, घरातली जुनी वस्तू साफ करायला काढाल तेव्हा आधी चार माणसांना विचारा. धूळ खुशाल झटका. फक्त एवढं बघा, की आत कुणाची बारी तर राहिली नाही ना.