बुनहायचं पोट भरेना

सकाळपासून सात वेळा विचारून झालं, आणि सातही वेळा बुनहाय नाहीच म्हणाला.

जिवंतपणी तो चुनबीला कधी कशाला नाही म्हणाला नव्हता, म्हणून तिला ते जास्तच लागलं. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. आता त्याच्या धुपाच्या वाटीतली चिमूटभर राख ताइनानच्या सासरच्या घरातल्या पूर्वजांच्या धूपपात्रात मिसळायची, म्हणजे तो एकटा राहत नाही, आईबापांत जाऊन बसतो. पण त्याला विचारल्याशिवाय ते करता येत नाही. दोन नाणी ओंजळीत धरून विचारायचं आणि जमिनीवर टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही छापे म्हणजे नाही. दोन्ही काटे म्हणजे गेलेला माणूस हसतोय, पुन्हा विचारा.

"नैवेद्य आवडला नसेल," ग्योकलान वन्सं म्हणाल्या. बुनहायची ही थोरली बहीण, लग्न न करता सत्तरीपर्यंत घर आणि देव्हारा सांभाळून बसलेली. "कोंबडी तू शिजवलीस ना?"

"कोंबडी तुम्ही शिजवलीत, वन्सं."

"मग अननस आंबट असणार. तो तू आणलास."

चुनबी राहायची पार उत्तरेला, किलुंगच्या बंदरात. तीस वर्षं नवराबायको मासळीच्या लिलावात राबली. ताइनानला येणं व्हायचं ते कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला, आणि त्याच दिवशी परत. गावचं खाणं बुनहाय तिला नुसतं बोलून खाऊ घालायचा. देवळामागच्या वाम माशाच्या शेवया, कोहळ्याचा चहा, खारट आलुबुखाराची पूड लावलेला पेरू, आल्याच्या सॉसमध्ये बुडवलेला टोमॅटो. "एकदा जाऊ आणि दिवसभर खाऊ," म्हणायचा. तो दिवस काही निघाला नाही.

"त्याला भूक लागलीय," चुनबी म्हणाली. तिने त्याची वाटी लाल फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

"देव्हाऱ्यातली वाटी बाजारात नेतेस?"

"त्याला बाजारच आवडायचा."

वन्सं पुटपुटत छत्री घेऊन मागून आल्या आणि ती त्यांनी पिशवीवर धरली. भावाच्या राखेला ऊन लागायला नको.

"वळण आलं हं," चुनबी पिशवीला सांगत होती. सांगितलं नाही तर माणूस मागे राहतो. किलुंगहून येताना गाडीत तिने त्याला एकूण एक पूल सांगितला होता.

देवळामागे शेवयांची वाटी तिने पिशवीसमोर ठेवली. स्वतः एक घास घेतला. मोठ्या आचेवर परतलेला वाम, आंबटगोड, करकरीत. बाकीचं त्याच्यासाठी. नाणी टाकली. शेजारच्या माणसाने मुकाट्याने पाय वर घेतले. दोन काटे.

"हसतोय," चुनबी म्हणाली.

"हसणारच. पूर्वी वाम बोटाएवढा जाड असायचा," वन्सं म्हणाल्या आणि वाटी आपल्याकडे ओढली. "अन्न टाकू नये."

कोहळ्याच्या चहाला तो सरळ नाही म्हणाला. एक घोट चुनबीने घेतला, पेला वन्संनी संपवला. पेरू समोर आला तेव्हा मात्र त्या खवळल्या.

"पेरू आणि टोमॅटो पूर्वजांना दाखवत नाहीत! बिया पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात. त्या कुठे रुजतात ते माहीत आहे ना तुला?"

"मी दाखवत नाहीये. मी खातेय."

"एक फोड? याला खाणं म्हणतेस?" उरलेल्या फोडी वन्संनीच खाल्ल्या. "वर्षभर अशीच खातेस वाटतं. गळ्याची हाडं बघ."

पेरूवरही तो हसला. चुनबीला रडू आलं. संध्याकाळच्या गाडीने तिला परत जायचं होतं, आणि वाटी अशीच, एकटी, परत न्यायची म्हणजे...

"टोमॅटोचं दुकान राहिलंय," वन्सं म्हणाल्या. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

फळवालीने देठाकडे हिरवे असलेले टोमॅटो चिरले. बाजूला दाट सोया सॉस, त्यात किसलेलं आलं, साखर, ज्येष्ठमधाची पूड. चुनबीने काडीला टोचून फोड बुडवली आणि तोंडात टाकली. ती आधी गोड लागली, मग खारट, मग आलं नाकात गेलं. तिने दुसरी घेतली. हे तो इतकं बोलला होता आणि तरी काहीच सांगू शकला नव्हता. तिसरी, चौथी. काडी रिकाम्या बशीवर टकटकली तेव्हा ती भानावर आली.

"अगं बाई! त्याला ठेवलंच नाही."

"टाक नाणी," वन्सं म्हणाल्या.

"आता काय तोंडाने विचारू?"

"टाक म्हणते ना."

तिने टाकली. एक जागच्या जागी आडवं झालं: छापा. दुसरं घरंगळत फळांच्या कपाटाखाली गेलं. फळवाली बॅटरी घेऊन आली, पण त्याआधीच वन्सं खाली बसल्या होत्या. देवासमोरसुद्धा तीन वर्षांत न वाकलेले गुडघे कटकट वाजले. गाल फरशीला टेकवून त्यांनी कपाटाखालच्या अंधारात बघितलं.

"काटा!" त्या ओरडल्या. "काटा आहे!" आणि नाणं मुठीत धरूनच वर आल्या.

फळवालीने टाळी वाजवली. चुनबीने बशीकडे बघितलं. वन्संचा चष्मा बशीशेजारी घडी घालून ठेवलेला होता. त्याच्याशिवाय त्यांना वाटीतला मासा आणि कांदा वेगळा ओळखता येत नसे.

"खाल्लंस तू आणि पोट भरलं त्याचं," वन्सं केसांतली धूळ झटकत म्हणाल्या. "लहानपणापासून असाच आहे तो."

चुनबीने चष्मा उचलला, पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "वन्सं, अजून एक बशी सांगू?"

"सांग. आलं जास्त."

परतताना पिशवी वन्संनी घेतली, छत्री चुनबीने. गल्लीच्या तोंडाशी चुनबी काही म्हणणार, तेवढ्यात वन्संनीच पिशवीकडे मान वाकवली.

"वळण आलं हं, बुनहाय. आता घरच."