हौदातला मत्सर

गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी रबरी बुटांचा ढीग पडला होता. आत वाफाळत्या पाण्याचे मोठे लाकडी घंगाळ ठेवले होते आणि त्याच्याशेजारी पांढऱ्याशुभ्र किमोनोत ओतोवामाता बसल्या होत्या.

"डोंगरापलीकडच्या युनोसावाला देवानं गरम पाण्याचा झरा दिला," माता म्हणाल्या. "तुम्हाला काय दिलं? चिखल. त्यांच्याकडे शहरातले पाहुणे येतात. तुमच्याकडे कोल्हे येतात."

लोक हसले, पण कडू तोंडाने. युनोसावाचे नाव निघाले की आमच्या कुरीदाइरा गावाच्या पोटात दुखते. मातांना ते बरोबर ठाऊक होते.

"म्हणून मी झराच पुडीत बांधून आणलाय. घरच्या हौदात टाका, गळ्यापर्यंत निवांत बसा. सांधे सुटतील, झोप लागेल. आणि कुणाच्या मनात दुसऱ्याबद्दल जळजळ असेल, तर तीही पाण्यात उतरेल. पाणी काळं पडेल. पाणी काही लपवत नाही."

त्यांनी पुडी घंगाळात रिकामी केली. सरपंचांनी कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळले. पाणी फिक्या चहासारखेच राहिले. "निर्मळ मन," माता म्हणाल्या. मग दुकानदार, मग देवळाचे पुजारी. मध्येच मातांनी आपल्या तपाची गोष्ट सांगितली. बर्फातला धबधबा, स्वप्नात आलेली पांढरी कोल्हीण, तिने दाखवलेली औषधी साल. गोष्ट लांबत होती आणि येणारा प्रत्येक जण पाणी ढवळून जात होता. सर्वांत शेवटी मातांनी मागे चहा देणाऱ्या बायकांना बोलावले. पहिलीने हात घातला, तेव्हा पाणी राखाडी काळे दिसत होते. सभागृहभर एक सुस्कारा गेला.

गावातल्या मुलांना शिकवणारी मीही तिथे होते. मेणबत्ती आणि पेल्याचा प्रयोग दाखवताना जी मुले माझ्यापुढे क्षणभर स्थिर बसत नाहीत, ती मातांसमोर पापणी न हलवता बसली होती. मला मातांचा फार मत्सर वाटला. त्या क्षणी मी हात घातला असता, तर ते काळे पाणी माझ्याबद्दल खरेच ठरले असते.

थंडी वाढली तशी पुडी घरोघर पोचली. आमच्याकडे साबण हौदाबाहेर लावायचा, अंग स्वच्छ धुवायचे आणि मग हौदात नुसते शेकत बसायचे. पाणी साऱ्या घराला एकच. एक उठला की दुसरा बसतो. हळूहळू एकेका घरातून बातमी येऊ लागली. अमक्याच्या सुनेचे पाणी काळे निघाले. तमक्याच्याही सुनेचे.

शनिवारी मुले माझ्या घरी शिकायला येतात. त्या शनिवारी ओइकावांची नाओ पाटीकडे नुसती बघत बसली होती.

"काय गं, पोट दुखतंय का?" मी विचारले.

"बाई, दुसऱ्याचं मन धुता येतं का?"

"कुणाचं धुवायचंय?"

"आईचं. हात्सुए आत्याचं लग्न मोडलं ना, ते आईच्या जळण्यानं मोडलं म्हणते आजी. उद्या माता आमच्या घरी येणार, चार शेजाऱ्यांसमोर पाणी बघणार. काळं झालं तर आईला मामाकडे पाठवणार." तिने नाक ओढले. "मला नाही पाठवणार. मी ओइकावांची, म्हणते आजी."

नाओचे बाबा हिवाळाभर दूर शहरात बांधकामावर असतात. मित्सुयोची, म्हणजे नाओच्या आईची, बाजू घेणारे घरात कुणी नव्हते. आणि हात्सुएचे लग्न का मोडले, हे गावाला माहीत होते. ठरलेल्या नवऱ्यामुलाला शहरातली एक मुलगी आवडली होती.

मी पाटी बाजूला ठेवली. "तुमच्याकडे हौदात आधी कोण बसतं?"

"आजोबा. मग आजी, मग आत्या, मग मी. आई शेवटी. भांडी घासून झाल्यावर."

"आणि तुझ्याकडे रे, शिगेओ?"

"आमची काकू शेवटी. सगळ्यांकडे सुनाच शेवटी बसतात, बाई. तसंच असतं."

"मग गावातल्या सगळ्या मत्सरी बायका सुनाच कशा निघाल्या?"

"माझी आजी म्हणते, सुना तशाच असतात."

"माझी आत्या तर सगळ्यांवर जळते," मागून फुमी म्हणाली. "शेजारणीच्या मुळ्यावरसुद्धा. पण तिचं पाणी स्वच्छ."

मुले हसली. नाओ हसली नाही. "बाई, खरं काय ते सांगा ना."

"मी सांगितलं तर तू माझं ऐकशील. तेव्हा मातांचं ऐकलंस, आज माझं. त्यात फरक काय पडला? आपण बघू या."

फुमी घरून पुडी घेऊन आली. मी कागदावर ती पसरली. तपकिरी भुकटी आणि तिच्यात फिक्या हिरव्या रंगाचे खडे. मला शंका होती, पण उत्तर मुलांनीच शोधायचे होते. खळखळ उकळून किंचित निवलेल्या पाण्यात पुडी टाकून दोन बाटल्या भरल्या. एक काठोकाठ भरून बूच घट्ट लावले. दुसरी अर्धी भरली आणि मुलांनी ती आळीपाळीने हलवली. मध्ये मध्ये बूच काढायचे, पुन्हा हलवायचे.

अर्धी बाटली आधी जांभळट झाली, मग काळी. काठोकाठ भरलेली जवळजवळ तशीच राहिली.

"बाई," शिगेओ म्हणाला, "ही काळी बाटली कुणावर जळते?"

"त्या गोऱ्या बाटलीवर," फुमी म्हणाली.

नाओ दोन्ही बाटल्या हातात धरून बसली होती. "हिच्यात हवा आहे. ढवळलं की आणखी हवा जाते. म्हणजे उशीर होईल तसं पाणी आपोआप काळं पडतं. म्हणजे आई पहिली बसली तर..." ती थांबली. "पण आई पहिली कशी बसेल? आजोबांच्या आधी?"

मी पाटी पुसायला घेतली.

"पाहुणे आले की पहिलं पाणी पाहुण्यांचं असतं," ती हळूच म्हणाली. "बाई, तुम्ही उद्या आमच्याकडे पाहुण्या म्हणून याल?"

रविवारी दुपार कलताना मी ओइकावांच्या दारात उभी राहिले. हातात संत्र्यांची परडी होती. शेजारपाजारचे लोक शेगडीभोवती बसले होते. मातांनी नुकतीच पुडी हौदात टाकली होती. नाओची आजी, तोमे, मला बघून गोंधळली, पण रीत ती रीत.

"या बाई. माता पहाटेच शुद्ध झाल्यात, त्या काही बसायच्या नाहीत. पहिलं पाणी तुमचंच."

"बसते की. पण पाठ चोळायला मित्सुयोला द्या. माझे खांदे आता वळत नाहीत."

मी हौदात बसून बाहेर आले आणि मित्सुयोला म्हटले, "आता तू बस."

"मी? आई काय म्हणतील?"

"आई दारातच उभ्या आहेत. विचार त्यांना."

तोमे खरोखरच दारात होती, मातांना घेऊन. मत्सर पकडायची घाई तिलाच होती. "बसू दे," ती म्हणाली. "आत्ताच काय ते दिसेल."

मित्सुयो गळ्यापर्यंत पाण्यात उतरली. पाणी फिक्या चहासारखे होते. हौदाचा तळ दिसत होता.

"बाईंच्या पुण्याईनं झाकलं गेलं," माता म्हणाल्या.

"असेल. मग आता घरातले सगळे बसोत. आणि शेवटी, माता, तुम्ही बसा. तुमच्या मनात तर काहीच नाही."

"मला दुसऱ्यांचं पाणी चालत नाही."

"आम्हाला बरं रोज चालतं," हात्सुए तोंडातल्या तोंडात म्हणाली.

"त्या कशाला?" तोमे ताठ झाली. "शेवटी मी बसते. माझ्या मनात काय आहे ते दिसू दे सगळ्यांना."

आजोबा बसून आले. हात्सुए बसली, नाओ बसली. नाओने जाताना फळीने पाणी नीट वरखाली केले, थंड होऊ नये म्हणून जसे रोज करतात तसेच. शेवटी तोमे बसली. शेजारणी दारात गोळा झाल्या. पाणी दौतीतल्या शाईसारखे काळे झाले होते आणि त्यातून तोमेचा वाळका गळा वर आला होता.

माता पुढे झाल्या. "सासूच्या मनातही कधी कधी..."

"तुम्ही गप्प बसा," तोमे म्हणाली. ती काळ्या पाण्याकडे बघत होती. "मी या घरात आले तेव्हा सासू होती, दीर होते, नणंदा होत्या. सगळ्यांच्या मागून माझं पाणी. कोमट, कधी गारच. तुम्ही तेव्हा आला असतात, तर मला हाकललं असतंत. माझा पोरगा मला पुन्हा दिसलाही नसता." तिने तोंडावरून ओला हात फिरवला. "जळते मी. शहरातून पोराचा फोन आला की आधी विचारतो, मित्सुयो कशी आहे. आई कशी आहे हे मागून. त्याचं दुखतं मला. पण ते मला माहीत होतं. पाण्यानं सांगायला नको होतं."

मित्सुयोने पुढे होऊन तिला पंचा दिला. तोमेने तो घेतला. दोघी एकमेकींकडे बघू शकल्या नाहीत, पण मामाकडे जाण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मातांनी गाठोडे उचलले. जाता जाता एक शेजारीण त्यांच्याकडून आणखी एक पुडी घेऊन गेली, हेही मला सांगितले पाहिजे.

आता पुडीतले गुपित. हिरवे खडे म्हणजे हिराकस, लोखंडाचा क्षार. तपकिरी भुकटी म्हणजे तुरट झाडाची साल. दोन्ही पाण्यात एकत्र आली की सुरुवातीला रंग फिकाच असतो. हवा मिसळत जाते तसा तो काळा होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. सभागृहात मातांनी लांबलेली गोष्ट सांगितली ती भक्तीसाठी नव्हती. पाणी काळे पडेपर्यंत त्यांना वेळ काढायचा होता. घरी तो वेळ आमच्या रीतीनेच काढून दिला, कारण सुनेची पाळी येईपर्यंत चार-पाच माणसे पाणी ढवळून जातात.

गरम पाण्यात बसा, जरूर बसा. अंग सैल होते, झोप लागते. आवडत असेल तर संत्र्याची साल टाका. त्याला पुडी लागत नाही आणि माताही लागत नाही. पण मुलांनो, कुणी नवल दाखवले की मान डोलवायच्या आधी त्यातली एक गोष्ट बदलून बघा. क्रम बदला, वेळ बदला, माणूस बदला. खरे असेल ते टिकेल. आणि मत्सर मलाही आहे, तोमेलाही आहे, तुम्हालाही होईल. तो कुठल्याच पाण्यात उतरत नाही. ज्याचा त्याने तो ओळखावा आणि सगळ्यांच्या मागून आंघोळ करणाऱ्या बाईच्या डोक्यावर त्याचे खापर फोडू नये.