चाकातली बाधा

माण नदीच्या कोरड्या पात्रात त्या रविवारी दोन-तीनशे माणसं जमली होती. कोणती फोर-बाय-फोर वाळूत सरस, हे ठरवायला सोलापूर-पंढरपूरकडची हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन आली होती. निकाल तासाभरातच लागला, कारण वाळूत उतरलेल्या तिन्ही गाड्या रुतल्या. पंढरपूरच्या ऋतुराजची नवी कोरी काळी गाडी सर्वांत खोल गेली होती. चारही चाकांना इंजिनाची ओढ, बोनेटवर माणूस आडवा होईल एवढी ऐसपैस, आणि आता पोटापर्यंत वाळूत.

तेवढ्यात गेल्या दोन रविवारांपासून नदीवर गाड्यांची बाधा उतरवणारे चक्रनाथ महाराज उठले.

"इंजिनाला काय दोष देता? दोनशे घोड्यांचं इंजिन हाय म्हणे! अरे, बाधेनं घोड्यांचीच मान धरलीय. बाजूला व्हा. माझ्या नुसत्या नजरेनं हत्ती हलतो, ही तर गाडी!"

लोक दहा पावलं मागे सरले. महाराज पहिल्या चाकापाशी बसले, भगवं उपरणं चाकावर पांघरलं, लिंबू टेकवलं आणि पुटपुटू लागले. चाकातून आवाज आला, "फुस्स्स..."

"निघाली!" गर्दी ओरडली.

चार चाकांतून चार बाधा निघाल्या. प्रत्येकीनं दोन-दोन मिनिटं घेतली. "जुनी हाय, चिवट हाय," महाराज घाम पुसत म्हणाले. मग ऋतुराजनं गाडी सुरू केली आणि ती म्हशीसारखी डुलत खरोखरच वर आली. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार!

सुकन्यानं मात्र टाळी वाजवली नाही. सांगोल्याच्या फाट्यावर तिचं हवा-पंक्चरचं दुकान होतं. तो 'फुस्स' आवाज तिच्या कानांवर दिवसातून चाळीसदा पडायचा. शिवाय मागचे दोन्ही रविवार नदीवरून परतणाऱ्या गाड्या तिच्या दुकानात आल्या होत्या. चारही चाकांत हवा कमी, आणि पंक्चर एकही नाही.

आज ती आली होती वडिलांसाठी. मेंढरांसाठी महाराजांकडून मंतरलेली राख घ्यायला मायाप्पा आले होते. आठवड्यात त्यांच्या दोन मेंढ्या दगावल्या होत्या.

"आबा, जनावरांच्या डॉक्टरीणबाई उद्या येणार हायत. बाकीच्या कळपाला लस टोचून घ्यायला सांगितलंय की त्यांनी."

"कशाला? एवढं लोखंड वाळूतनं काढणाऱ्याला मेंढरू बरं करता येणार न्हाय व्हय?"

लोखंड तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघालं होतं. नुसतं बोलून भागणार नव्हतं. सुकन्या सरळ महाराजांपुढे गेली.

"महाराज, ती जुनी जीप आन् ती ठेंगणी गाडी अजून रुतलेल्याच हायत. जीपवर तुमी मंत्र म्हणा. पण चाकाला हात लावायचा न्हाय. ठेंगणीला मी बघते, बिनमंत्राची."

"पोरी, हात लावल्याबिगर बाधा कशी निघंल?"

"नजरेनं हत्ती हलतो म्हणालात की!"

गर्दी हसली. आता मागे फिरणं महाराजांना शक्य नव्हतं. त्यांनी दुरून डोळे वटारले, लिंबं फेकली, आरोळ्या ठोकल्या. जीपवाल्यानं गाडी दामटली, तशी ती आणखी वीतभर खाली गेली.

सुकन्यानं ठेंगणीच्या प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबला. फुस्स. गाडी अलगद बाहेर आली.

"ती हलकी हाय! तशीबी निघाली असती," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर बोललात," सुकन्या म्हणाली आणि जीपकडे वळली. चारही चाकांची हवा कमी केली. जीपही निघाली. मग तिनं पिशवीतून बॅटरीवर चालणारा पंप काढला आणि ऋतुराजच्या चाकांत परत पूर्ण हवा भरली. अर्धा तास गेला, पण कुणी जागचं हललं नाही. ऋतुराजनं काळी गाडी पुन्हा त्याच वाळूत नेली, तशी ती पुन्हा पोटापर्यंत बसली.

"बाधा परत शिरली काय गं?" एका म्हातारीनं विचारलं.

"न्हाय आजी, हवा शिरली." सुकन्यानं हातानं करून दाखवलं. "टम्म फुगलेलं चाक वाळूवर एवढ्याशाच जागेत टेकतं आन् खाली खणत जातं. हवा थोडी काढली की थापल्यावर भाकरी पसरते तसं रबर पसरतं. वजन वाटलं जातं, मग रुतत न्हाय. मोठी गाडी असो न्हायतर छोटी. डांबरी रस्त्यावर जायच्या आधी मात्र हवा परत भरायची, न्हायतर टायर फुटतंय."

ऋतुराजनं काळ्या गाडीच्या चाकांकडे बघितलं. "हवा भरलीस, पण टोप्या न्हाई लावल्यास?"

"मी काढल्याच न्हाईत. हवा भरताना एकाबी व्हॉल्व्हवर टोपी नव्हती."

सगळ्यांच्या नजरा उपरण्याकडे गेल्या. महाराजांनी ते घाईनं आवरायला घेतलं, त्याची गाठ सुटली आणि चार काळ्या टोप्या टपटप वाळूत पडल्या. त्यांच्या अंगठीला खालून बारीक टोक होतं, तेही मग दिसलं. महाराजांना अचानक अक्कलकोटचा एक आजारी भक्त आठवला, आणि ते मोटारसायकलवरून गेले.

मायाप्पांनी वाळूतली एक टोपी उचलून निरखली. "मग मेंढरांचं गं, पोरी?"

"आबा, मेंढराला व्हॉल्व्ह नसतो. त्याला लस लागते."

दुसऱ्या दिवशी मायाप्पांनी स्वतः एकेक मेंढी धरून डॉक्टरीणबाईंपुढे उभी केली. नंतर एक कोकरू गेलं, ते आधीच आजारी होतं. बाकीचा कळप वाचला.

गाडी वाळूतून निघाली, हे खोटं नव्हतंच. ती का निघाली, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मंडळी, नवल दिसलं की हात जोडायची घाई करू नका. दहा पावलं मागे सरू नका. जवळ जा, वाका, आणि हात लावून बघा.