दादाच्या शिंकेची नोंद

बेकरी दोघा भावंडांची, पण कागदावर मालकीण एकटी धाकटीच. वडील गेल्यावर वकिलाने कागद पुढे सरकवले, तेव्हा दादा दोन्ही हात मागे घेऊन म्हणाला होता, "माझे हात पिठाचे. सह्याबिह्या धाकटी करेल." त्यामुळे सरकारच्या लेखी दादा म्हणजे धाकटीचा नोकर. या गोष्टीवर घरात इतके विनोद झाले होते की मोजदाद नाही. उशिरा उठला की दादा हात जोडून म्हणायचा, "मालकीणबाई, आजचा पगार तेवढा कापू नका."

काम मात्र त्याचं राजाचं. पाव, बिस्किटं, केक, सगळ्याला हात त्याचा. टेबलावर पीठ टाकायचं तेही खांद्याच्या उंचीवरून, मूठ फिरवत, असं की हवेत पांढरा पदर उलगडावा. मग शिंका. एक, दुसरी, आणि जरा थांबून तिसरी, तिला पत्रे हादरायचे. शेजारचा शिंपी म्हणायचा, "दादाची तिसरी शिंक आली की पहिला पाव निघाला समजायचं. मला घड्याळ लागत नाही."

धाकटीकडे एक नोंदवही होती. कामावर कुणाला लागलं, भाजलं, कुणी आजारी पडलं तर त्यात लिहायचं, आणि गंभीर असेल तर कामगार खात्याला कळवायचं, असा नियम. ती तो पाळायची. पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याचं बोट गाडीच्या दारात चेंगरलं तेव्हा तिने रीतसर लिहिलं. दादा हसून हसून लाल झाला. "उद्या मुंगी चावली तर मुंगीचंही नाव-गाव लिहिशील!"

पुढे शिंकांच्या जोडीला खोकला आला. मग छातीत शिट्टी वाजू लागली. धाकटीने विचारलं की दादाचं उत्तर तयार. "या वयात सगळ्यांचीच छाती बोलते. तुझीही बोलेल, धीर धर."

त्यातच भट्टीला तडा गेला. गवंडी म्हणाला, आठवडाभर तरी बेकरी बंद. मग काय, सगळं घर वहिनीच्या माहेरी गेलं, तळ्याकाठी. दादा तिथे मुलांबरोबर टेकडी चढला, त्याने होडी वल्हवली, जेवताना गाणी म्हटली. एके सकाळी ओसरीवर चहा पिताना वहिनीने धाकटीचा हात धरला.

"तुला काही ऐकू येतंय?"

धाकटीने कान दिला. पाखरं सोडली तर काहीच नाही. "नाही गं वहिनी."

"तेच तर! आत हे झोपलेत, आणि छातीचा बाजा बंद. आल्यापासून बंद आहे."

धाकटीचा चहा तसाच गार झाला.

बेकरी उघडली त्या दिवशी दादाने पहिलं पोतं सोडलं आणि शिंकांची माळ लागली. दुपारी तो पोत्यावर बसला होता, तोंड उघडं, खांदे वर-खाली. हसण्याचं सोंग आणत होता पण जमत नव्हतं. धाकटीने त्याचा एप्रन सोडला आणि त्याला तसंच, पांढऱ्या भुवयांसकट, डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला एका नळीत फुंकायला लावलं, बरेच प्रश्न विचारले. "सुट्टीत बरं वाटतं का?"

"सुट्टीत कुणाला वाईट वाटतं?" दादा म्हणाला.

डॉक्टर हसले, पण पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं. पिठाची धूळ. वर्षानुवर्षं छातीत गेली आणि आता शरीराने तिच्याशी उभा दावा मांडलाय. औषधाने आराम पडेल, पण धुळीत राहिला तर दमा पक्का घर करेल. "हा कामामुळे झालेला आजार आहे. मालकाला तो कामगार खात्याला कळवावा लागतो. तुमचे मालक कोण?"

दादाने हळूच बोट उचललं आणि शेजारी बसलेल्या बहिणीकडे केलं.

घरी आल्यावर मात्र विनोद संपले. "कळवायचं नाही," दादा म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. बेकरीवाल्याला पीठ बाधतं, हे ऐकलं तर गाव हसेल. आणि साहेब येऊन टाळं ठोकेल, मग बस भजन करत!"

"तुझ्या झाकल्या मुठीत पीठच आहे, दादा. आणि ते तुझ्या छातीत जातंय."

"वडिलांनी याच पिठावर आपल्याला वाढवलं. त्याच्यावर तक्रार करतेस?"

"पिठावर नाही. माझ्यावरच करतेय," धाकटी म्हणाली. "मालकीण मी आहे ना? मग तुला हे माझ्या बेकरीत झालं. गाडीवाल्याच्या बोटाचं लिहिलं, आणि सख्ख्या भावाच्या श्वासाचं लपवू?"

दादा उठून आत गेला. त्यानंतर त्याने बोलणं टाकलं. बहिणीला काही सांगायचं झालं तर ती समोर बसलेली असतानाच वहिनीला म्हणायचा, "तिला सांग, मीठ इकडे दे." वहिनी दोन दिवस निरोप्याचं काम करून वैतागली. "मीठ तुमच्या कोपराशी आहे," ती म्हणाली, "आणि अक्कल कुठे ठेवलीत ते तुम्हीच शोधा. तळ्याकाठी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी जागी राहून नुसता श्वास ऐकत होते. इतकं गोड गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही."

दादाने मान खाली घालून जेवण संपवलं. दुसऱ्या दिवशी धाकटीने नोंद केली, खात्याला कळवलं. टाळ्याची भीती तिलाही वाटत होती, फक्त तिने ती कुणाला दाखवली नाही.

खात्याच्या निरीक्षक बाई आल्या तेव्हा दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता. कुणीतरी आग ओकणारं येणार अशी त्याची खात्री होती. आल्या त्या ठेंगण्या, चष्मेवाल्या, पायात कापडी बूट. म्हणाल्या, "माझं राहू द्या, तुमचं रोजचं काम चालू ठेवा."

दादाला पिठाच्या खोलीत जायला डॉक्टरांनी बंदी केली होती, म्हणून तो दारातच मास्क लावून उभा राहिला. आत त्याचाच चेला, पीठ मळणारा गडी. पाहुण्या बाईंसमोर आपली कला दाखवावी म्हणून त्याने गुरूसारखीच मूठ खांद्यापर्यंत नेली आणि पांढरा पदर हवेत असा झोकात सोडला, की बाई दिसेनाशा झाल्या.

मग त्या ढगातून शिंक आली. दुसरी आली. क्षणभर सगळे श्वास रोखून उभे. आणि तिसरी अशी आली की चष्मा उडून पिठात पडला.

"धाकटे!" दारातून दादा ओरडला. "वही काढ! बाईंचंही नाव लिही!"

कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी सरळ बोलला होता. आधी गडी फिसकन हसला, मग भट्टीवाला, आणि मग चष्मा पुसता पुसता बाईच इतक्या हसल्या की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली.

टाळं वगैरे काही नव्हतं. बाईंनी सांगितलं ते साधंच: पोतं हळू, खाली धरून रिकामं करा, पीठ मळायच्या यंत्राला झाकण लावा, कोरडा झाडू बंद, आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसवा. निघताना धाकटी म्हणाली, "मला वाटलं होतं, कळवलं म्हणून आमचीच मान धराल."

"कळवतात त्यांच्याकडे मी निवांत जाते हो," बाई म्हणाल्या. "जिथून कधीच काही येत नाही, तिथे जाताना माझ्या पोटात गोळा येतो."

त्यांची पाठ वळली आणि मळणाऱ्या गड्याने संकोचत हात पुढे केले. बोटांच्या बेचक्या लाल, भेगाळलेल्या. "ताई, हे लिहायचं असतं का?" भट्टीवाल्यानेही बाही वर करून कोपराजवळचा भाजल्याचा डाग दाखवला. दादाने दोघांकडे डोळे वटारले. "आणि इतके दिवस गप्प बसलात, गाढवांनो?" वहिनी तेवढ्यात डबा घेऊन आली होती. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. दादाने डबा घेतला आणि मुकाट्याने खायला बसला.

पंखा बसेपर्यंत दादाने काय करायचं, हा प्रश्न होता. "माशा मारू?" तो म्हणाला.

"गाडीबरोबर जा," धाकटीने सुचवलं. "पाव पोचवायला."

"मी? हमाली?" कुरकुरत गेला. दुपारी परतला तो थेट धाकटीच्या खोलीत, खुर्ची ओढून बसला आणि जी टकळी सुरू केली ती थांबेना. इतकी वर्षं तो पहाटे पाव करायचा आणि लोक खायचे तेव्हा झोपलेला असायचा. पाव कोण खातं हे त्याने पाहिलंच नव्हतं! "अगं, दवाखान्यात एक आजोबा आहेत. आधी चहूबाजूंनी कड खातात, मऊ भाग शेवटी, नव्या नवरीसारखा जपून. आणि शाळेतली पोरं! गाडी दिसली की गलका करतात. गाडीवाल्याने मला कधी सांगितलंच नाही."

"मी रोज सांगतो," दारातून गाडीवाला म्हणाला. "तुम्ही घोरत असता."

पंखा बसला. डॉक्टरांनी तपासून थोडी सूट दिली. कोरड्या पिठाला हात नाही, पण मळलेला गोळा वळायला, केक सजवायला हरकत नाही. दादा तेवढं करतो. पण गाडीची वेळ झाली की हातातलं टाकून पुढच्या सीटवर जाऊन बसतो, आणि त्याला उतरवायची कुणाची छाती नाही.

एकदा त्याने धाकटीलाही ओढून नेलं. "मालकीणबाई, चला, आपलं राज्य बघा." तिघं दाटीवाटीने बसली. मागून गरम पावाचा वास येत होता. चढावर एका बंगलीपाशी दादा उतरला आणि ट्रे घेऊन पायऱ्या चढू लागला, एकेक पायरी सोडून, वर उभ्या असलेल्या बंगलीतल्या बाईंशी मोठ्याने बोलत. वर पोचेपर्यंत वाक्य कुठे तुटलं नाही.

"ताई, काय झालं?" गाडीवाल्याने विचारलं.

"कुठे काय," धाकटी पदराने डोळे टिपत म्हणाली. "मागे एखादा पाव मोडलाबिडला असेल तर दे बाबा. भूक लागलीय मला."