पाच हरभऱ्यांचा प्रयोग

जेवणाच्या टेबलावर दोन फोटो होते, पाच हरभरे, चहाचे चार कप आणि माझा नवा फोन. फोन कव्हराशिवाय, पालथा. स्क्रीनवर ओरखडे पडू नयेत म्हणून पालथा ठेवतो, असं मी सांगतो. मागचं चिन्ह समोरच्याला सरळ दिसावं याचीही काळजी घेतो, हे सांगत नाही.

रविवारी बाबा रेल्वेतून निवृत्त होणार होते. सिकंदराबादच्या सत्कारात मंचामागे त्यांचा एकच मोठा फोटो लागणार होता आणि तो माझ्या फोनचा असावा, असा माझा हट्ट होता. फोनची किंमत मी घरात निम्मीच सांगितली होती. तीही कुणाला पटली नव्हती.

"हौला आहेस का दादा?" धाकटी गीता मला वेड्यात काढत म्हणाली. "असा फोटो माझ्या फोनमध्येपण येतो."

मी भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. म्हटलं, "भांडण नक्को, प्रयोग करू."

दोन्ही फोनवर फोटो गीतानेच काढले, छापून आणले आणि खाली 'क', 'ख' लिहिलं. कोणता कुठल्या फोनचा हे तिलाच ठाऊक, म्हणून तिला मत नाही. बाकीच्यांनी एकेक हरभरा ठेवायचा. जास्त हरभरे, तो फोटो मंचावर.

आईने लगेच 'ख' निवडला. "'क'मध्ये ह्यांच्या कपाळावरचा व्रण कुठं गेला? रंगपण उजळलाय."

"क्या दाजी, पावडर लावली होती?" उमाजीमामाने 'ख'वर हरभरा ठेवला. रंजनाआत्यानेही.

स्वस्त कॅमेरे चेहरा असाच सारवतात, हे मी सर्वांना समजावून सांगितलं. मग भिंग घेऊन बाबांच्या मिशा तपासल्या. 'ख'मध्ये केसन् केस सुटा होता. "बघा, पैसे याचे असतात," म्हणत मी माझा हरभरा 'ख'वर ठेवला.

गीता ओढणी तोंडाशी धरून बसली होती.

उरले बाबा. त्यांनी वाकून तिच्या कानात काहीतरी विचारलं. तिनेही कानातच उत्तर दिलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हरभरा 'क'वर ठेवला.

मग गीताने मोठ्याने वाचून दाखवलं.

'ख', गीताचा फोन: चार. 'क', माझा फोन: एक.